शिकार थांबली, राखणीचे काय झाले?
सह्याद्रीच्या सड्यावरील पडीक वाटण्या, कॅस्केडपलीकडील एल्क आणि परदेशस्थ खातेदाराची जबाबदारी

बेलव्ह्यू : ऑक्टोबरच्या मध्यानंतर बेलव्ह्यूहून पूर्वेकडे जाणाऱ्या आय-९० महामार्गावर शुक्रवारी सायंकाळी एक वेगळीच वर्दळ दिसू लागते. पिकअप गाड्या, मागे तंबूचे सामान, पुढच्या काचेपाशी टाकलेली भडक नारिंगी जाकिटे. ही मंडळी स्नोक्वाल्मी घाट ओलांडून किटिटास आणि याकिमा काउंट्यांच्या उंच कुरणांत हरणांच्या आणि एल्कच्या शिकारीला निघालेली असतात. त्याच रस्त्याने सफरचंदांच्या बागा पाहण्यास जाणारे मराठी कुटुंब या गाड्यांकडे काहीशा कुतूहलाने आणि बहुधा थोड्या नापसंतीने पाहते. शिकार ही आपली गोष्ट नव्हे, अशी त्यामागची भावना असते.

वस्तुतः ती फार दूरची गोष्ट नाही. स्नोक्वाल्मी घाटाची उंची सुमारे ९२० मीटर आहे. साताऱ्याचे कास पठार त्याहून उंच, सुमारे १,२०० मीटरवर आहे. पाटण, जावळी, शाहूवाडी, राधानगरी, आजरा, चंदगड या तालुक्यांतील डोंगरमाथ्यांवरून ज्यांची मुळे आली आहेत, त्यांच्या घरांत दोन पिढ्यांमागे शिकारीच्या आठवणी सर्रास सांगितल्या जात. आजोबांची ठासणीची बंदूक, माळ्यावर जागून काढलेल्या रात्री, होळीच्या सुमारास निघणारी गावपारध आणि रात्री घरोघर पोहोचणारे वाटे. आज त्या आठवणी कोणी मोठ्याने सांगत नाही. त्याऐवजी गावाकडून फोन येतो तो वेगळ्याच सुरात : वरच्या वाटणीत रान माजले आहे, डुकरे तिथेच वस्ती करून आहेत, यंदा खालची नाचणीही हाती लागणार नाही.

या दोन गोष्टींचा, म्हणजे लुप्त झालेल्या शिकारीचा आणि पडीक पडलेल्या वाटणीचा, परस्परसंबंध काय, हे समजून घेतल्यावाचून सड्यावरच्या शेतीचा आजचा पेच उलगडत नाही.

शिकार नव्हे, राखण

सह्याद्रीच्या माथ्यावरील शेती कधीच एकट्या नांगराची नव्हती. जांभ्याच्या वा काळ्या कातळाच्या सड्यावर मातीचा थर पातळ. पाऊस मात्र प्रचंड. अशा जमिनीत नाचणी आणि वरी ही मुख्य पिके. उतारावरचा एखादा तुकडा साफ करायचा, त्यावर राब भाजायचा, दोन-तीन वर्षे पीक घ्यायचे आणि मग तो तुकडा काही वर्षे सोडून द्यायचा, असा क्रम होता. ही सोडलेली जमीन टाकून दिलेली नसे. ती विसाव्याला ठेवलेली असे. तिच्यावर गुरे चरत, गवत कापले जाई, राबासाठी फांद्या आणि पाला मिळे. माणसाची आणि जनावराची सततची ये-जा असल्याने तेथे दाट झुडपांचे साम्राज्य होण्यास अवसर नसे.

या व्यवस्थेतील सर्वांत कष्टाचे काम होते राखणीचे. भाद्रपदापासून पीक घरी येईपर्यंत घरटी एक माणूस रात्री शेतावर असे. चार खांबांवर उभारलेला माळा, खाली शेकोटी, हाताशी गोफण, वाजवायला पत्र्याचा डबा आणि सोबतीला कुत्री. एका डोंगराच्या कुशीतील दहा-बारा माळ्यांवरून रात्रभर हाळ्या दिल्या जात. एकाने हाळी दिली की पुढचा जागा होई. डुकरांचा कळप एका शेतातून हुसकला की तो दुसऱ्याच्या शेतात शिरू नये, यासाठी ही साखळी लागे. राखण एकट्याची असूच शकत नसे.

शिकार हा याच राखणीचा टोकाचा भाग होता. रानडुक्कर, भेकर, सांबर, ससा यांच्यामागे जाणारी पारध हा करमणुकीचा, मांसाचा आणि पराक्रमाचा विषय होताच. परंतु त्याचबरोबर ती पिकाभोवतीच्या रानाला माणसाची भीती वाटत राहावी, याची तजवीज होती. हाकारे एका बाजूने रान उठवत, बंदूकवाले खिंडीत वा पाणवठ्याच्या वाटेवर दबा धरून बसत. शिकार झाल्यावर वाटे पडत. नियम गावागणिक वेगळे असले तरी बार टाकणाऱ्याचा, हाकाऱ्यांचा आणि देवाचा वाटा ठरलेला असे. जो राखणीत सहभागी, तो वाट्यातही सहभागी, असा तो हिशेब होता. देवराईत मात्र कुऱ्हाड चालवायची नाही, हा दंडकही हेच लोक पाळीत. कोठे मारायचे आणि कोठे हात लावायचा नाही, या दोन्हींचे नियम त्या जीवनपद्धतीत एकत्र नांदत होते.

कायद्यातही या शेतकरी-बंदुकीची वेगळी नोंद आहे. १९५९च्या शस्त्र अधिनियमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, तसेच घाटमाथ्यावर असे शेतीसंरक्षण परवाने आजही आहेत. निवडणूक जाहीर झाली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. विधानसभेची निवडणूक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आली, की भात आणि नाचणी कापणीला आलेली असतानाच बंदूक ठाण्यात पडून राहते, ही तक्रार त्या भागात नवी नाही.

राजाचे रान, रयतेचे रान

शेतकऱ्याच्या राखणीहून अगदी वेगळी होती ती राजेरजवाड्यांची आणि साहेबांची शिकार. राधानगरी-दाजीपूरचे जंगल कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) निष्णात शिकारी होते. कोल्हापूर संस्थानात शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची शिकार केली जात असे आणि पुढे हे चित्ते आफ्रिकेतून आणवले जात. राखीव रान असल्याने दाजीपूरचे जंगल टिकले, हे खरे. आणि त्या रानात रयतेला मज्जाव होता, हेही तितकेच खरे. १९५८ मध्ये याच रानात दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झाले. राज्यातील अभयारण्यांचा आरंभ तेथून मानला जातो. पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन राधानगरी अभयारण्य आकाराला आले. त्याच वर्षी कोयना अभयारण्य झाले, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये कोयना-चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी यांचा समावेश आहे.

राजाच्या शिकारीला राखीव रान लागे. रयतेच्या शिकारीला राखलेले शेत. एकीला वन्यप्राणी भरपूर हवे असत, दुसरीला ते शेतापासून दूर हवे असत. ‘शिकार’ या एकाच शब्दाने दोन्हींचा निर्देश होत असल्याने पुढे धोरण आखतानाही हा भेद पुसट झाला.

१९७२ची रेघ

शिकारीवर बंधने आली ती अकारण नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीपगाडी, प्रखर दिवे आणि सहज मिळणारी काडतुसे यांनी शिकारीतील उरलीसुरली मर्यादा संपवली. रात्री रस्त्याने जाता जाता दिव्याच्या झोतात दिसेल ते टिपायचे, या प्रकाराला ना राजाच्या शिकारीचे नियम होते, ना गावपारधीचे. चित्ता तर देशातून नामशेषच झाला. मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा कायदा केला होता. परंतु निर्णायक रेघ ओढली ती १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने.

मराठी साहित्यातही हे स्थित्यंतर उमटले आहे. तरुणपणी बंदूक घेऊन रान हिंडलेले व्यंकटेश माडगूळकर पुढे रानाचे निरीक्षक झाले. वानरांच्या टोळ्यांवरील त्यांच्या ‘सत्तांतर’ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकारीची कथा मागे पडून रानाची कथा पुढे आली, आणि नागर मराठी वाचकाने ती मनापासून स्वीकारली.

या कायद्याने जे वाचवले, ते मोठे आहे. दाजीपूरचा गवा आज दिसतो तो त्यामुळेच. पण कायद्याने शिकार थांबवली तेव्हा शिकारीच्या आडून होणारे राखणीचे काम कोण करणार, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. प्रारंभी तो जाणवला नाही, कारण गावात माणसे होती. जाणवू लागला तो माणसे मुंबईला, पुण्याला आणि त्याही पलीकडे गेल्यावर. माळ्यावर जागायला घरात तरुण उरला नाही. गुरे कमी झाली, तसे गवत कापणेही थांबले. विसाव्याला ठेवलेला तुकडा पुन्हा नांगरला गेला नाही. घाणेरी आणि करवंदीच्या जाळ्या वाढल्या आणि त्यांच्या आडोशाने रानडुक्कर शेताच्या बांधापर्यंत आले. खालच्या खोऱ्यांत उसाचे क्षेत्र वाढल्याने त्यांना बारमाही आसरा आणि अन्न मिळाले. गवे कळपाने शिवारात उतरू लागले. २००२ पासून कर्नाटकातून दोडामार्गात उतरलेले हत्ती पुढे आजरा-चंदगडच्या माणसांनाही परिचयाचे झाले. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये शिरलेला गवा पाठलागाच्या धकाधकीत मरण पावला, तेव्हा शहराला या प्रश्नाची ओझरती ओळख झाली.

कायद्यात शेतकऱ्यासाठी वाट नाही, असे नाही. उभ्या पिकाला धोका ठरणाऱ्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी कलम ११ अन्वये मिळू शकते; महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत ही पद्धत सुलभ करण्याचा प्रयत्न केला. गवा मात्र पहिल्या अनुसूचीत असल्याने त्याला ही वाट लागू नाही. प्रत्यक्षात अर्ज, पंचनामा आणि परवानगी हाती येईपर्यंत डुकरांचे काम एका रात्रीत उरकलेले असते. शिवाय मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते; वाट्याचा प्रश्नच उरत नाही. ज्या व्यवस्थेत श्रम सर्वांचे आणि लाभही सर्वांचा होता, तेथे आता श्रम एकट्याचा आणि जोखीमही एकट्याचीच आहे. २०१६ मध्ये चंद्रपुरातील रानडुकरांच्या हत्येवरून केंद्रातील दोन मंत्र्यांत जाहीर वाद झाला, पण सड्यावरच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातून काही लागले नाही.

अधिकृत वाट अशी चिंचोळी असल्याने चोरवाटा रुंदावतात. फासकी लावली जातात आणि त्यांत डुकराऐवजी बिबट्या अडकतो. कुंपणात थेट वीज सोडली जाते आणि सकाळी शेजारचाच माणूस मरून पडलेला सापडतो. उघडपणे, नियमांनी आणि गावाच्या साक्षीने होणारी शिकार गेली. तिच्या जागी अंधारात, नियमांवाचून होणारी हत्या आली. संरक्षणाच्या दृष्टीनेही हा सौदा घाट्याचाच आहे.

घाटापलीकडची व्यवस्था

आता पुन्हा आय-९०वरील त्या नारिंगी जाकिटांकडे वळू. वॉशिंग्टन राज्याचा इतिहास फार सोवळा आहे, असे मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीने अमेरिकेतील एल्कची वाताहत झाली. याकिमा परिसरात आज दिसणाऱ्या एल्कच्या कळपाचे मूळ १९१३ मध्ये यलोस्टोनहून आणून सोडलेल्या जनावरांत आहे. ती वाढली आणि हिवाळ्यात डोंगरावर बर्फ साचले की खालच्या बागांत, गवताच्या गंजींवर उतरू लागली. शेतकरी संतापले. म्हणजे पेच तोच होता : प्राणी सर्वांचे, नुकसान एकाचे.

त्यावर जी व्यवस्था हळूहळू उभी राहिली, तिचे चार घटक सांगता येतील. पहिला, नियमन. १९३२ मध्ये वॉशिंग्टनच्या मतदारांनी सार्वमताने स्वतंत्र वन्यजीव खाते आणि आयोग स्थापन केला. कोणत्या भागात, कोणत्या हंगामात, कोणत्या शस्त्राने, नर की मादी, किती परवाने, हे कळपांच्या पाहणीवरून ठरते. १ जानेवारी १९७२ नंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारी-प्रशिक्षण पूर्ण केल्यावाचून परवाना मिळत नाही. बंदुकीच्या हंगामात अंगावर किमान ४०० चौरस इंच भडक रंग दिसला पाहिजे, इतका बारकावा नियमांत आहे.

दुसरा घटक, पैसा. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यान्वये लांब नळीच्या बंदुकांवर आणि दारूगोळ्यावर ११ टक्के उत्पादनशुल्क आकारले जाते आणि तो निधी राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. परवान्यांचे शुल्क वेगळे. म्हणजे शिकारी हा रानाचा उपभोक्ता आहे, तसाच त्याचा खर्च उचलणाराही आहे.

तिसरा घटक, शेताचे संरक्षण. नॅचिसजवळच्या ओक क्रीक वन्यजीव क्षेत्रात १९४० च्या दशकापासून हिवाळ्यात एल्कना वाळलेले गवत घातले जाते आणि बागांकडे उतरू नयेत म्हणून उंच कुंपणे घातली आहेत. पिकाच्या नुकसानीची भरपाई मागणाऱ्या शेतकऱ्याला आधी स्वतः प्रतिबंधक उपाय केल्याचे दाखवावे लागते. जे जमीनमालक आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतात, त्यांच्यासाठी ‘लेखी परवानगीने शिकार’ यांसारख्या योजना आहेत. २००८ मध्ये राज्यात लांडग्यांची टोळी पुन्हा नोंदवली गेली, तेव्हापासून गुराख्यांचा रोष आणि लांडग्यांचे रक्षण यांचा मेळ घालण्यासाठी कळपांवर लक्ष ठेवणारे घोडेस्वार नेमले जातात आणि त्यांच्या वेतनाला सार्वजनिक निधीतून हातभार लागतो. कोल्हापुरी भाषेत सांगायचे, तर हे पगारी राखणदारच.

चौथा घटक इतिहासाचा आहे. १८५५च्या करारात याकामा राष्ट्राने प्रचंड भूभाग गमावला. परंतु मोकळ्या, कोणाच्या ताब्यात नसलेल्या जमिनींवर शिकार करण्याचा, कंदमुळे आणि बोरवर्गीय फळे गोळा करण्याचा, गुरे-घोडे चारण्याचा हक्क त्या करारात राखून ठेवला. हकलबेरीची रानोमाळ पसरलेली झुडपे ठरावीक काळाने पेटवून मोकळी ठेवण्याची पद्धत याच लोकांची. राब भाजणाऱ्या सह्याद्रीतील शेतकऱ्याला त्यामागचा विचार समजावून सांगावा लागणार नाही.

ही व्यवस्था वादातीत नाही. कुगर आणि अस्वलांच्या शिकारीत शिकारी कुत्र्यांचा वापर करण्यावर, तसेच अस्वलांना आमिष लावण्यावर वॉशिंग्टनच्या मतदारांनी १९९६ मध्ये बंदी घातली. अस्वलांची वसंतातील हौशी शिकार २०२२ मध्ये आयोगाने थांबवली. शहरातील मतदार आणि डोंगरातील शेतकरी यांच्यातील दुरावा येथेही आहे. बेलव्ह्यूचा रहिवासी, मग तो कोणत्याही वंशाचा असो, बहुधा त्यातील पहिल्या पक्षात मोडतो.

काय घेता येईल, काय नाही

अमेरिकेची व्यवस्था उचलून सह्याद्रीत रुजवावी, असे सुचवणे भाबडेपणाचे होईल. येथील सार्वजनिक जमीन अफाट आणि लोकवस्ती विरळ. तेथे गुंठ्यागुंठ्यांच्या वाटण्या, मधून जाणारी पायवाट आणि हाकेच्या अंतरावर वाडी. अशा ठिकाणी हौशी शिकाऱ्यांना मोकळीक देणे माणसांच्याच जिवावर बेतेल.

तथापि भारतातही वेगळे प्रयोग झाले आहेत. केरळने २०२२ मध्ये उपद्रवी रानडुकरांबाबत आदेश देण्याचे अधिकार पंचायत अध्यक्षांकडे सोपवले. निर्णय शेताच्या जवळ आणला, हे त्यातील महत्त्वाचे. ज्येष्ठ पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्याच्या सरसकट बंदीवर टीका करून स्थानिकांच्या सहभागाने नियंत्रित शिकारीचा विचार व्हावा, असे जाहीरपणे मांडले. जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे यांची सूचना भरपाईच्या पद्धतीविषयी आहे. पंचनामा करून नुकसान मोजण्याऐवजी शेतकऱ्याचे प्रत्यक्ष उत्पन्न मोजावे. जंगलालगतच्या सर्वांचे सरासरी उत्पन्न अपेक्षेहून जितके कमी, तितके साहाय्य सर्वांना द्यावे, आणि जो अधिक पिकवील त्याला अधिक बक्षीस द्यावे. यात नुकसान फुगवून सांगण्यात लाभ नाही. शेत राखण्यातच लाभ आहे.

महाराष्ट्रात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणासाठी अनुदान मिळते. हे कुंपण प्राण्याला झटका देते, मारत नाही. परंतु कुंपणाखालचे गवत वेळोवेळी काढले नाही, तर त्याचा प्रवाह जमिनीत उतरतो आणि ते निरुपयोगी होते. म्हणजे यंत्र आले तरी राखणदार लागतोच.

पडीक वाटणी कोणाची?

येथे हा प्रश्न बेलव्ह्यूच्या दारात येऊन उभा राहतो. सड्यावरच्या ज्या वाटण्यांत आज रान माजले आहे, त्यांच्या सातबाऱ्यावरील नावे पाहिली, तर त्यांतील अनेक खातेदार गावात राहत नाहीत. काही देशातही राहत नाहीत. मधल्या दोन वाटण्या मालकांनी सोडून दिल्या, की तिसऱ्याची राखण अशक्य होते. पूर्वीची हाळ्यांची साखळी जशी एका माळ्यावाचून तुटे, तसेच हे आहे. परदेशस्थ मालक आपली जमीन ‘तशीच ठेवली आहे, कोणाला त्रास नाही’ असे समजतो. प्रत्यक्षात ती तशीच राहत नाही. तिच्यात डुकरे वाढतात आणि भुर्दंड पडतो तो गावात राहिलेल्या चुलत्याला.

जमीन कोणाला कसण्यास का दिली जात नाही, याचे उत्तर बहुधा एकच असते : कूळ लागेल. ही भीती पोकळ नाही. १९४८चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याला मालक केले, आणि त्या आठवणी अनेक कुटुंबांत अजून ताज्या आहेत. परंतु भीतीपोटी कायदा नीट वाचला जात नाही. याच अधिनियमाच्या कलम ४ मध्ये कूळ कोणाला मानू नये, हेही सांगितले आहे : मालकाच्या कुटुंबातील व्यक्ती, तसेच रोख वा वस्तुरूप मजुरीवर, मात्र पिकाच्या वाट्यावर नव्हे, काम करणारा गडी. शेजाऱ्याला गवत कापू देणे किंवा ठरलेल्या मजुरीवर झुडपे साफ करून घेणे आणि जमीन खंडाने देणे, यांत मोठे अंतर आहे. ते तालुक्याच्या ठिकाणच्या जाणत्या वकिलाकडून समजून घेऊन लेखी ठेवावे.

परदेशस्थांच्या मालकीविषयीही गैरसमज आहेत. परकीय चलनविषयक नियमांनुसार अनिवासी भारतीय वा ओसीआय कार्डधारक यांना भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आलेली मात्र ठेवता येते. विकायची तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते, आणि महाराष्ट्रात तो सामान्यतः शेतकरी असावा लागतो. म्हणजे एकदा विकलेली वडिलोपार्जित जमीन परदेशात राहून पुन्हा घेता येणार नाही. म्हणून निर्णय घाईचा नसावा. पण निर्णयच न घेणे हाही एक निर्णय असतो आणि त्याची किंमत शेजारी मोजतो.

करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे वारसनोंद. आजोबांच्या नावावरील सातबाऱ्यावर ना अनुदान मिळते, ना भरपाईचा अर्ज सुरळीत होतो. दुसरी, २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत जमिनीवर प्रत्यक्ष जे आहे, त्याची नोंद होते की नाही, हे गावातील नातेवाइकाकडून पाहून घेणे. तिसरी, पावसाळ्यानंतर बांधालगतचा पट्टा दरवर्षी साफ करून देण्याचा खर्च उचलणे. चौथी आणि सर्वांत मोलाची : शेजारच्या खातेदारांनी मिळून एकच सलग कुंपण घालायचे ठरवले, तर आपल्या वाटणीची संमती आणि वर्गणी विनाविलंब देणे. एका अनुपस्थित मालकाची सही मिळाली नाही, म्हणून कुंपणात पडलेली फट डुकरांना पुरेशी असते.

सड्यावरची रात्रीची हाळी आता परत येणार नाही. ठासणीची बंदूकही परत यावी, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. परंतु आजोबांच्या शिकारीच्या गोष्टींत प्राणी मारण्याच्या पराक्रमाखाली दडलेली एक साधी समजूत होती : ज्याची त्या डोंगरात वाटणी आहे, त्याची राखणीतही पाळी आहे. वाटणी अजून नावावर आहे. पाळी चुकते आहे ती दहा वर्षांपासून, कोणाची वीस वर्षांपासून. आणि ती पाळी गावात उरलेला कोणीतरी एकटा, म्हातारपणी, डबा वाजवत भरून काढतो आहे.